मिग-२१ जमीन सोडताच डावीकडे कलंडतं, घरच्या पीसीवरच्या फ्लाइट सिम्युलेटरसाठी (सिम) मदत हवी

उडता सातारकर | सोमवार, रात्री ११:५२

मंडळी, वय ४४, धंदा मेडिकलचं दुकान, आणि गेल्या तीन आठवड्यांत २९ मिग-२१ मातीत घातलीत. लाजण्यासारखं आता फार उरलेलं नाही, तेव्हा सरळच विचारतो.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला हवाई दलाने मिग-२१ ला निरोप दिला. १९६३ ला दाखल झालेलं विमान. दुकानातल्या टीव्हीवर सोहळा चालू होता, समोर गिऱ्हाईक खोकल्याचं औषध मागत होतं आणि मी पडद्याला चिकटलेलो. रात्री शोधाशोध केली तर कळलं की डीसीएस वर्ल्ड नावाच्या सिम्युलेटरमध्ये मिग-२१बिस आहे आणि कॉकपिटमधली जवळजवळ सगळी बटणं खरोखर चालतात. मूळ सिम फुकट उतरवता येतं, त्यात सुखोई-२५टी आणि मस्टँग या जुन्या अमेरिकन विमानाचं एक बिनशस्त्र रूप मिळतं. मिग मात्र विकत. घेतलं.

संगणक सेकंडहँड: आय-५ दहावी पिढी, १६ जीबी रॅम, ६ जीबीचं ग्राफिक्स कार्ड. २५६ जीबीची एसएसडी आहे पण ती तुडुंब, म्हणून सिम जुन्या १ टीबीच्या हार्ड डिस्कवर टाकलंय. जॉयस्टिक साधी, हँडल पिळलं की रडर (शेपटीवरचं सुकाणू) चालतो तशातली, नवी कोरी.

आता रडगाणं. धावपट्टीवर विमान शहाण्यासारखं पळतं. नाक उचललं, चाकं सुटली की जे डावीकडे कलंडतं ते थेट पाठीवर. दुसरं म्हणजे टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर चालवताना, वळतच नाही, रेल्वेसारखं सरळ जातं आणि गवतात शिरतं. तिसरं, कधी नशिबाने हवेत टिकलोच तर वीस-पंचवीस मिनिटांनी चित्र अडखळायला लागतं आणि सगळं बंद पडून डेस्कटॉप समोर येतो. तापत असेल म्हणून कॅबिनेटचं झाकण काढून टेबल फॅन लावला. फरक शून्य, आत धूळ मात्र भरपूर गेली. विंडोज दोनदा नव्याने टाकलं.

कुणाला काही सुचतंय का?


तिरपा डोळा | मंगळवार, सकाळी ८:१०

चाळिशीनंतर माणसं एकतर मॅरेथॉन धावतात नाहीतर असली खेळणी आणतात. दुसऱ्या प्रकारात गुडघे शाबूत राहतात एवढंच. हलकं घ्या. २९ चा आकडा मात्र आवडला, मी मोजत राहीन.


काका कॉकपिट | मंगळवार, सकाळी ९:३५

न्यू जर्सीहून रामराम. सातारकर, तुमची जॉयस्टिक गेलीय. स्वस्त स्टिकमध्ये पोटेन्शिओमीटर असतो: कार्बनची पट्टी आणि तिच्यावर घासणारी धातूची जीभ. धूळ बसली किंवा पट्टी झिजली की मध्यबिंदू सरकतो, काटा थरथरतो. हॉल सेन्सरवाली घ्या. त्यात लोहचुंबक असतं, काही घासतच नाही, त्यामुळे झिजायचा प्रश्न नाही. आणि आहातच तर वेगळा थ्रॉटल (इंजिनाची ताकद वाढवा-घटवायचा दांडा) आणि पायातले रडरही घेऊन टाका.


लोहगावची चिमणी | मंगळवार, दुपारी १:२०

काका, अहो धागाकर्त्याने "नवी कोरी" असं स्पष्ट लिहिलंय. खरेदीची यादी नंतर द्या.

सातारकर, हे तीन वेगळे आजार आहेत आणि तिन्हींवर एकच गोळी चालणार नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. एकेक घेऊ. विंडोज परत टाकणं थांबवा. त्याने फक्त माणूस दमतो.

आज रात्री दोनच गोष्टी करा. विंडोजच्या शोधचौकटीत जॉय.सीपीएल टंका. गेम कंट्रोलरची खिडकी उघडेल. स्टिकला हात न लावता बघा, फुली मधोमध आहे का आणि स्थिर आहे का. मग सिममध्ये मिग घेऊन धावपट्टीवर उभे राहा, हात मांडीवर, आणि उजवा कंट्रोल धरून एंटर दाबा. कोपऱ्यात एक चौकट येईल. स्टिक कुठे आहे असं सिमला *वाटतंय* ते त्यातला छोटा लाल चौकोन दाखवतो. दोन्हीकडे काय दिसलं ते इथे लिहा. अंदाज नको, दिसलं तेवढंच.


नवखा वैमानिक | मंगळवार, दुपारी ४:०५

धाग्यात घुसतोय, माफ करा. माझ्याकडे फक्त ऑफिसच्या कामाचा लॅपटॉप आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. मला काही उडवता येईल का?


काका कॉकपिट | मंगळवार, सायं. ७:१५

@नवखा, डीसीएसच्या वाटेला जाऊ नका, लॅपटॉप रडेल. आयएल-२ स्टुर्मोविक १९४६ घ्या. २००६ चं आहे, पण त्यात दुसऱ्या महायुद्धातली इतकी विमानं आहेत की वर्ष पुरणार नाही. सवलतीत अगदी चिल्लर भावात मिळतं आणि कुठल्याही डब्यावर पळतं. जुनी स्क्रीन-मापं गृहीत धरलेली आहेत, त्यामुळे कॉन्फ फायलीत रुंदी-उंची हाताने भरावी लागते, तेवढंच.

अवांतर: १९९८ च्या डिसेंबरात एफ-१६ उडवायचं फाल्कन ४.० हे सिम आलं तेव्हा खोक्यात फायलीसारखी कड्यांची पुस्तिका होती, सहज पाचशेच्या वर पानं. आमच्या हिने विचारलं होतं, परीक्षा कधी आहे. त्यातली कोरियाची मोहीम तुम्ही उडा किंवा झोपा, आपली चालूच राहायची. रणगाडे सरकायचे, पूल पडायचे. पुढे हौशी मंडळींनी त्यावर बीएमएस नावाचं सुधारित रूप उभं केलं, ते आजही जिवंत आहे. पंचवीस वर्षांहून जास्त झाली. मी अजून एफ-१६ चं रडार शिकतोय.


उडता सातारकर | मंगळवार, रात्री ११:३०

चिमणीताई, चमत्कार आहे. विंडोजच्या खिडकीत फुली मधोमध, ढिम्म हलत नाही. सिममध्ये मात्र लाल चौकोन डाव्या कडेला जाऊन चिकटलेला! स्टिक उजवीकडे नेली की क्षणभर सरकतो आणि परत डावीकडे पळतो. कुणीतरी दुसरंच विमान चालवत असल्यासारखं.


लोहगावची चिमणी | मंगळवार, रात्री ११:४१

दुसरंच कुणीतरी चालवतंय. स्टिक सोडून यूएसबीला काय काय खोचलंय?


उडता सातारकर | मंगळवार, रात्री ११:४४

कीबोर्ड, माउस, प्रिंटर. आणि चिरंजीवांचं ट्रक चालवायच्या खेळाचं स्टिअरिंग आणि पेडलं. पण ती तर टेबलाखाली नुसती पडून असतात.


लोहगावची चिमणी | बुधवार, सकाळी ७:५०

ती नुसती पडून नाहीत, ती तुमचं विमान पाडतायत.

डीसीएसला नवं उपकरण दिसलं की ते विचारत बसत नाही, त्याच्या अक्षांना आपल्या मनाने कामं वाटून टाकतं. तुमच्या एखाद्या पेडलच्या वाट्याला रोल, म्हणजे डावी-उजवीकडे कलंडणं, आला असणार. स्टिकचं "काहीच दाबलेलं नाही" म्हणजे मध्य. पेडलचं "काहीच दाबलेलं नाही" म्हणजे एक टोक. सिमच्या दृष्टीने कुणीतरी स्टिक पूर्ण डावीकडे दाबून धरलीय. धावपट्टीवर चाकं विमानाला धरून ठेवतात म्हणून कळत नाही, चाकं सुटली की हिसका बसतो.

कंट्रोल्समध्ये जा, वर मिग-२१ निवडा, खालच्या यादीत अ‍ॅक्सिस कमांड्स. प्रत्येक उपकरणाचा एक उभा रकाना दिसेल. स्टिअरिंगच्या रकान्यातलं सगळं पुसा. माउसच्या रकान्यातलंही. पिच (नाक वर-खाली), रोल, रडर आणि थ्रॉटल या चार ओळींत फक्त तुमच्या स्टिकची नोंद राहिली पाहिजे. प्रत्येक विमानासाठी हे वेगळं करावं लागतं.


काका कॉकपिट | बुधवार, सकाळी ८:३०

दंडवत. पोटेन्शिओमीटर मागे घेतो. (पण हॉल सेन्सर घ्याच.)


उडता सातारकर | बुधवार, सकाळी ८:५५

उडालं!!! सरळ! तीन आठवडे आठवीतला पोरगा टेबलाखालून मला पाडत होता आणि मी विंडोजला शिव्या घालत होतो. जॉर्जियातल्या बाटुमीवरून उठलो, समुद्राच्या कडेने गेलो, डावीकडे काळा समुद्र आणि उजवीकडे बर्फाचे डोंगर. काही केलं नाही, नुसता गोल फिरलो. मग उतरायला गेलो आणि धावपट्टीच्या अलीकडे दगडासारखा पडलो, तो भाग वेगळा.


तिरपा डोळा | बुधवार, सकाळी ९:०२

३०.


ओझर टाउनशिप | बुधवार, सकाळी १०:४५

नमस्कार. मी सहसा वाचून पुढे जातो, पण विषय माझ्या विमानाचा निघाला म्हणून टंकायचा कंटाळा बाजूला ठेवतो. मी १९८२ ला एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) नाशिक विभागात, म्हणजे ओझरला लागलो. मिग-२१ ची एफएल आणि एम ही रूपं माझ्या आधीची, बिस मात्र माझ्या हाताखालून गेली. स्पष्ट सांगतो, मी सांगाड्याचा माणूस. इंजिन आमचं नव्हे, ते ओडिशात कोरापुटला व्हायचं. आणि मी विमान उडवलेलं नाही, फक्त ज्यांनी उडवलं त्यांची बोलणी खाल्लेली आहेत.

टॅक्सीचं कोडं सोपं आहे. या विमानाच्या पुढच्या चाकाला सुकाणू नाही. सामानाच्या ट्रॉलीचं चाक जसं भिरभिरतं तसं ते भिरभिरतं. वळायचं तर स्टिकवरची ब्रेकची मूठ दाबायची आणि रडर ज्या बाजूला दाबाल त्या बाजूच्या चाकाला ब्रेक जास्त मिळतो. ब्रेक हवेच्या दाबाचे आहेत. आधी थोडा वेग घ्यावा, मग मूठ हलकी दाबून रडर पूर्ण. उभ्या विमानावर रडर हलवून काहीही होणार नाही.

आता दगडासारखं पडणं. उतरताना थ्रॉटल पूर्ण मागे घेतला होतात ना?


उडता सातारकर | बुधवार, दुपारी २:१०

हो. वेग जास्त वाटत होता म्हणून.

तुम्ही ओझरचे हे वाचून दुकानात उभा राहिलो हो.


ओझर टाउनशिप | बुधवार, सायं. ५:३०

बसा.

मिगचा पंख त्रिकोणी आणि पातळ. वरती वेगात छान, खाली हळू उडायला अगदी नाखूश. म्हणून बिसला एक युक्ती दिलेली आहे: फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचे खाली झुकणारे पट्टे) पूर्ण, ४५ अंशांवर गेले की इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधली दाबाची हवा फ्लॅपच्या पाठीवरून फुंकली जाते. हवा फ्लॅपला चिकटून वाहते, उचल टिकते आणि जरा कमी वेगात उतरता येतं. पण फुंकर इंजिनाची आहे. तुम्ही थ्रॉटल मागे ओढला की इंजिन मंदावलं, फुंकर गेली, उचल गेली, आणि विमान होतं तिथून खाली बसलं. म्हणून मिग इंजिनावर उतरवतात, चाकं टेकेपर्यंत थ्रॉटल थोडा पुढेच ठेवून. धावपट्टीच्या कडेवर ताशी ३२० किमीच्या आसपास असावं, टेकताना ३०० च्या खाली. टेकल्यावर थ्रॉटल मागे आणि शेपटीचा पॅराशूट.

एक बरं आहे, काटे किलोमीटर आणि मीटरमध्ये आहेत. अमेरिकन विमानासारखं नॉट आणि फुटांचं गणित करत बसावं लागत नाही.


सोलापुरी चादर | बुधवार, रात्री ९:२०

लई भारी धागा. वाचनखूण साठवली.

सातारकर, वळताना मान कशी फिरवताय? माउसने असेल तर अर्धी मजा तिथंच गेली बघा. मान हलवली की कॉकपिटमधलं डोकं हलायला पाहिजे. विकतचं यंत्र महाग आहे, मी घरी केलंय ते सांगतो.

ओपनट्रॅक नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात नुसत्या वेबकॅमवर चेहरा ओळखून चालणारी सोयही आहे, आधी तीच लावून बघा, शून्य खर्च. उजेड पुरेसा नसला की मात्र चित्र थरथरतं. माझ्या खोलीत एकच ट्यूबलाइट, ती बी फडफडणारी. म्हणून मी तीन एलईडीवाला मार्ग धरला. पुण्यात तपकीर गल्लीत गेलो, टीव्हीच्या रिमोटात असतात तसले तीन इन्फ्रारेड एलईडी, एक २२ ओहमचा रेझिस्टर आणि जुन्या चार्जरची वायर. तिन्ही एलईडी एका ओळीत जोडायचे. प्रत्येकी साधारण १.३ व्होल्ट खातात, म्हणजे ३.९. यूएसबीच्या ५ मधून उरतात १.१, त्याला २२ ने भागलं की ५० मिलिअँपिअर, बास. कपड्याच्या हँगरची तार वाकवून टोपीला बसवले.

खरी गंमत कॅमेऱ्याची. जुन्या वेबकॅमच्या भिंगामागं एक लालसर-निळसर काच असती, ती इन्फ्रारेड अडवती. ती काढायची. आणि उलट साधा उजेड अडवायला काय लावायचं? जुनी फ्लॉपी फोडायची, आतली काळी चकती कापून भिंगापुढं लावायची! त्यातनं इन्फ्रारेड जातो, साधा उजेड जवळपास जात नाही. कॅमेऱ्याला अंधारात फक्त तीन ठिपके दिसतात. ज्या फ्लॉपीवर कधीकाळी गेम आणायचो, तिच्यातनं आता मान फिरते.


लोहगावची चिमणी | बुधवार, रात्री ९:४८

फ्लॉपी! घरी आईच्या कपाटात एक डबा भरून आहेत.

एकच भर: ओपनट्रॅकमध्ये वळणरेषा थोडी तिरपी लावा. मान ३० अंश वळली की कॉकपिटमध्ये शंभरेक अंश. नाहीतर मागे बघायच्या नादात स्क्रीनच दिसेनाशी होते.


पावसाळी वाट | गुरुवार, सकाळी ७:२५

तांत्रिक भाग डोक्यावरून गेला पण वाचायला मजा आली. एक प्रश्न मनापासून विचारते, टोमणा नाही. ही लढाऊ विमानं आहेत. कुणाला तरी पाडण्यात करमणूक कसली?


उडता सातारकर | गुरुवार, रात्री ११:०५

रास्त प्रश्न. खरं सांगायचं तर मी अजून कुणाला पाडलेलंच नाही, स्वतःला सोडून. बंदुकीत २०० गोळ्या असतात आणि बोट दाबून धरलं तर जेमतेम चार सेकंदांत संपतात, एवढंच मला तिच्याबद्दल माहीत आहे. दिवसभर काउंटरमागे उभा असतो, एका वेळी चार चिठ्ठ्या, फोन, सुट्टे पैसे. रात्री त्या खुर्चीत बसलो की एका वेळी एकच गोष्ट. बॅटरी चालू, मग इन्व्हर्टर, मग इंधनाचे पंप, मग इंजिन. आपोआप चालू करायची कळ आहे म्हणे, विंडोजची कळ आणि होम. मी वापरत नाही. इंजिन वेग घेताना काटा हळूहळू चढतो ना, त्याच्यासाठीच तर बसतो.

लढाई बाकीची मंडळी करतात. त्यांनाही विचारा.


काका कॉकपिट | शुक्रवार, सकाळी ६:५०

मी करतो. पण माझ्यासाठी ते बुद्धिबळासारखं आहे. समोरच्याने कधी वळायचं ठरवलं ते ओळखायचं. मिगबद्दल सांगतो: करकचून वळलात तर पहिलं वळण तुमचं, कारण त्रिकोणी पंख नाक झपकन फिरवतो. पण त्यात वेग असा गळतो की दुसऱ्या वळणाला तुम्ही भाजीच्या गाडीसारखे उभे. एक झेप, एक संधी, मग सरळ निघून जा. ज्याला मोह आवरत नाही तो मिगमध्ये मरतो.


ओझर टाउनशिप | शुक्रवार, सकाळी ११:१५

"मरतो" हा शब्द या विमानाच्या बाबतीत जरा जपून वापरू या. बरीच मुलं गेली. आमच्या टाउनशिपमध्ये अपघाताची बातमी आली की त्या दिवशी कॅन्टीनमध्ये कुणी मोठ्याने बोलायचं नाही. आपण उभं केलेलं तर नव्हतं ना, हे मनात आल्याशिवाय राहायचं नाही. सातारकर २९ म्हणतात, ३० म्हणतात, मी वाचतो, रागावत नाही. इथे एस्केप दाबून परत बसता येतं. म्हणूनच इथे चुका करा, बिनधास्त करा. फक्त ती चूक काय होती ते कळल्याशिवाय परत उडू नका.


काका कॉकपिट | शुक्रवार, रात्री ८:००

मान्य. शब्द मागे.


उडता सातारकर | रविवार, रात्री १०:३५

ओझरकाका, चौथ्या प्रयत्नात उतरलो! थ्रॉटल पुढेच ठेवून. मधले तीन प्रयत्न आकड्यात धरा, तिरपेराव. टेकल्यावर पॅराशूट उघडला तेव्हा मी खुर्चीतच पुढे झुकलो. मिसेस दारातून म्हणाल्या, स्टूल परत ठेवा. (जॉयस्टिक स्वयंपाकघरातल्या स्टुलावर दोन पायांत धरतो, टेबलावर हात अवघडतो.)

पण चिमणीताई, एक नवीनच झालंय. साफसफाई करताना स्टिकची वायर मागच्या पोर्टातून काढून पुढच्यात लावली. सिम उघडलं तर सगळ्या नोंदी साफ. आणि ते अडखळून बंद पडणं अजून आहेच.


तिरपा डोळा | रविवार, रात्री १०:४०

३३.


लोहगावची चिमणी | सोमवार, सकाळी ९:१०

नोंदी गेलेल्या नाहीत, पत्ता बदललाय. सिम प्रत्येक उपकरणाला एका लांबलचक क्रमांकाने ओळखतं, आणि पोर्ट बदलला की बऱ्याच स्टिकना विंडोज नवा क्रमांक देतं. वायर जुन्याच पोर्टात लावा, परत येतील. त्या पोर्टावर खडूने खूण करा. मग सेव्ह्ड गेम्समधल्या डीसीएस फोल्डरात कॉन्फिग आणि त्यात इनपुट आहे, त्याची प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेवा. सगळी मेहनत त्या फोल्डरात असते.

आता बंद पडणं. त्याच डीसीएस फोल्डरात लॉग्ज आहे, त्यातली डीसीएस.लॉग ही नोंदींची फाइल बंद पडल्या पडल्या, सिम परत न उघडता, व्यनित (खाजगी निरोपात) पाठवा. एसएसडीवर किती जागा मोकळी आहे तेही सांगा.


लोहगावची चिमणी | मंगळवार, दुपारी १:४०

लॉग बघितली. सातारकरांच्या परवानगीने इथे लिहिते, बाकीच्यांनाही कामी येईल.

तापमानाचा काही संबंध नाही, फॅन आत न्या. मेमरी संपतेय. डीसीएसला १६ जीबी रॅम जेमतेम. जास्तीचं लागलं की विंडोज डिस्कवरची पेज फाइल वापरतं. यांची पेज फाइल एसएसडीवर, आणि एसएसडीवर मोकळी जागा ९ जीबी! फाइल वाढायला जागाच नाही. वीस मिनिटं उडत नवनवा मुलूख मेमरीत येत राहतो, मग एक क्षण येतो की ठेवायला जागा नाही आणि सिम मान टाकतं. अडखळण्याचं कारण वेगळं: सिम हार्ड डिस्कवर आहे, ती फिरून फिरून डोंगर शोधते तोवर चित्र थांबतं.

उपाय: सिमसाठी एक वेगळी एसएसडी, ५०० जीबीची तरी. जुन्यावरचा कचरा काढून पेज फाइल किमान १६ जीबी ठरवून टाका. टेक्श्चर मध्यम, जमिनीचे टेक्श्चर कमी, सावल्या सपाट. ६ जीबीच्या कार्डाला तेवढंच झेपेल. फ्रेम सेकंदाला ६० वर बांधा. शेवटी सेव्ह्ड गेम्समधली एफएक्सओ आणि मेटाशेडर्स२ ही दोन फोल्डरं पुसा. पहिल्यांदा उघडायला वेळ लागेल, घाबरू नका, ती नव्याने तयार होतात. पुढे पैसे जमले की रॅम ३२.


नवखा वैमानिक | मंगळवार, सायं. ६:२०

काका, आयएल-२ घेतलं. कीबोर्डवर उडवतोय. हरिकेन घेऊन दोन तास गोल फिरलो, ऑफिसची मीटिंग राहिली.


काका कॉकपिट | मंगळवार, रात्री ८:१०

लागण झाली.


सोलापुरी चादर | बुधवार, रात्री १०:०५

नवख्या, एक सल्ला ऐक. दर महिन्याला नवीन विमान घेऊ नको. मी सवलती बघून सात घेतली, एकाचंही रडार धड येत नाही. डीसीएसवाल्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरनं सिम घेतलं तर बहुतेक विमानं चौदा दिवस फुकट उडवता येतात. आधी उडव, मग पाकीट काढ. सातारकरांचं बघ, एकच मिग धरून बसलेत, आता माझ्यापेक्षा बरं उतरवतात.


उडता सातारकर | पुढचा सोमवार, रात्री १२:४०

नवी एसएसडी आली. दीड तास उडलो, एकदाही अडखळलं नाही. बाटुमीहून उठून कोबुलेटी, तिथून कुटाईसी आणि परत. फ्लॉपीही मिळाली, जुन्या हिशोबांची होती. फोडताना जरा वाईट वाटलं. टोपी उलटी घालून बसतो, पोरगा मोबाइलवर फोटो काढून मित्रांना पाठवतो. पाठवू दे.

काल रविवारी चिमणीताई आणि सोलापूरकरांबरोबर पहिल्यांदा एकत्र उडलो. तिघं एका रांगेत, मी शेवटी. चिमणीताईंच्या शेपटीकडे बघत समुद्रावरून जायचं, बास एवढंच. दुसरीकडे बघायला उसंत नव्हती. पोटाखाली जादा टाकी लावली होती म्हणून इंधनाची चिंता नव्हती, काटाही छान भरलेला दिसत होता. आणि कोबुलेटीच्या अलीकडे, समुद्रावरच, इंजिन गप्प. काटा अजून अर्ध्यावर! कानात सोलापूरकरांचा आवाज, "सातारकर, कुठं चाललाव?"

हा बिघाड आहे का? लॉग पाठवू?


लोहगावची चिमणी | सोमवार, सकाळी ८:०५

लॉग नको. ओझरकाका, तुम्हीच सांगा.


ओझर टाउनशिप | सोमवार, सकाळी १०:२०

बिघाड नाही. या विमानात तो काटा टाकीत डोकावत नाही. किती इंधन जळालं ते मोजतो आणि सुरुवातीच्या आकड्यातून वजा करतो. सुरुवातीचा आकडा आपण बाजूची खुंटी फिरवून लावायचा, प्रत्येक उड्डाणाआधी. बंद विमान स्वतः चालू करता, पण खुंटीला हात लावला नसणार. ती आदल्या कुठल्यातरी आकड्यावर राहिली.


उडता सातारकर | सोमवार, दुपारी १२:५५

खुंटी आहे हेच आज कळलं. रात्री बघतो.


तिरपा डोळा | सोमवार, दुपारी १२:५८

३४. आणि तो लॅपटॉपवर चालणारा खेळ कुठला म्हणालात, काका?